शेजारणीच्या घरची गोळी

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या देवरीत ओठावर फोड आले की माणूस आजारी पडला असं कोणी म्हणत नाही. उलट तो बरा झाला म्हणतात. "ताप फुटला," असं एकमेकांना सांगतात आणि सांगताना चेहऱ्यावर समाधान असतं. आतला ताप ओठावाटे बाहेर पडला, आता काळजी नाही. ज्याला ताप आलेलाच नसतो आणि तरी फोड येतात, त्याच्या ओठावर झोपेत मकडी, म्हणजे कोळी, मुतून गेलेली असते. या दोन निदानांच्या जोडीला तिसरं निदान लोकांच्या गळी उतरवण्याचा उद्योग मी एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी राहून केला. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मीही दिला.

आता फुरसत आहे, तर भेटणारे विचारतात, "मॅडम, इतकी वर्षं दुकान चालवलं, सगळ्यात कठीण प्रसंग कोणता?" त्यांना साप चावलेला माणूस हवा असतो, नाहीतर हायवेवरचा अपघात. पण तसं काही झालं की माणसं सरळ दवाखाना गाठतात, माझ्याकडे फक्त कापूस न्यायला येतात. मी म्हणते, "ओठावरच्या फोडांची गोळी." मग विचारणारा मुकाट्याने चहा प्यायला लागतो.

तर आधी ती गोळी समजून घ्या. हे फोड म्हणजे एका विषाणूचं काम. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, कोणीतरी लाडाने घेतलेल्या मुक्यातून. एकदा आला की जन्मभर जात नाही. चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी जाऊन झोपतो. ताप आला, ऊन लागलं, जागरण झालं, जिवाला घोर लागला की उठतो आणि नसेच्या वाटेने ओठावर येतो. घरजावयासारखा प्रकार आहे, हाकलता येत नाही, फक्त झोपलेला असेल तोवर बरं. गोळीनेही तो मरत नाही, त्याची पिलावळ वाढायची थांबते एवढंच.

यातली खरी गोम पुढे आहे. फोड दिसायच्या काही तास आधी ओठावर त्या जागी चुणचुण होते, बारीक मुंग्या आल्यासारखी. गोळी सुरू करायची ती तेव्हा. फोड चांगले भरून आल्यावर घेणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. आणि गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. या बाबतीत मी भलती कडक होते, लोक मागे मला काय काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. पण पाहा, चुणचुण ते फोड हे अंतर एका रात्रीचं, आणि जंगलातल्या गावावरून बस पकडून, डॉक्टरच्या रांगेत बसून माझ्या काउंटरपर्यंत यायचं अंतर दोन दिवसांचं. त्यामुळे माझ्यापुढे जो यायचा तो गाडी सुटलेलाच यायचा.

असाच एक नवरदेव आला होता. दुसऱ्या दिवशी हळद, आणि वरचा ओठ सुजून नाकाला टेकलेला. सोबत आई. तिने त्यावर आधी राख लावली होती, मग चुना, मग टूथपेस्ट. मी आधी ते तिन्ही थर धुवायला लावले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पण लग्नापर्यंत ओठ ताळ्यावर येणार नाही हे मी स्पष्ट सांगितलं. आई म्हणाली, "मंग फोटोत का दिसन?" शेवटी त्यांनी गोंदियाहून फुलांचा सेहरा मागवला, हिंदी लोकांत बांधतात तसा, हनुवटीपर्यंत लोंबणारा. आमच्याकडच्या मराठी घरातला सेहऱ्यातला नवरदेव मी तो पहिलाच पाहिला. पुढे त्याचं बघून आणखी दोघांनी बांधला, त्यांच्या ओठांना काही झालेलं नसताना.

दुसरा एक रायपूरकडचा ट्रक ड्रायव्हर. त्याने फोन माझ्या हातात दिला. "मॅडम, आप ही समझाओ इसको, ये वो वाली बीमारी नहीं है." पलीकडे त्याची बायको. कधी न पाहिलेल्या त्या बाईला मी दुकानातली गिऱ्हाइकं थांबवून सांगितलं की ओठावरचं हे दुखणं बहुतेकांना लहानपणापासूनच असतं, ऊन आणि जागरण झालं की वर येतं. ती सगळं ऐकून म्हणाली, "तो उसको बोलो, सोया करे." एवढंच. पुढे कितीदा तरी तो आमच्या बाजूने जाताना हॉर्न वाजवून जायचा.

पण मला सांगायचं आहे ते दुरपतामावशीचं.

दुरपतामावशी आमच्या वॉर्डातली मालीशवाली. माहेर दरेकशाचं, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, पण बाई घरी आली की पुढचा सव्वा महिना मालीश, शेक, बाळाची आंघोळ, सगळं मावशीचं राज्य. आमच्या बौद्ध वस्तीत तिला जेवढं बोलावणं तेवढंच पवार समाजाच्या घरांत. तिच्या पायावर पालथं पडलेलं लेकरू रडायचं थांबायचं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. माझी मुलगी सायली तिच्याच पायावर वाढली. आंघोळ झाली की शेवटी ती बाळाच्या कानांत आणि नाकात हलकी फुंकर घालायची, आत पाणी राहू नये म्हणून. तिच्या आईने हेच केलं होतं आणि आजीनेही.

आणि याच मावशीचा वर्षातून चार-पाच वेळा ताप फुटायचा.

मोठ्या माणसाला हे दुखणं म्हणजे आठ-दहा दिवसांची कटकट. महिन्याच्या आतल्या बाळाला मात्र ते जिवावर बेतू शकतं. फार क्वचित होतं, पण झालं तर धावपळ करायलाही वेळ मिळत नाही. हे मला माहीत होतं, पण मावशी फुंकर घालते आणि तिचा ओठ फुटतो, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात इतकी वर्षं वेगवेगळ्या खणांत पडून होत्या. त्या एकत्र आल्या एका बाजाराच्या दिवशी.

दुकानात गर्दी होती. पाच-सहा बाया, दोन-तीन पुरुष, सगळे काउंटरला चिकटून. मावशी आली आणि तिने कापूस मागितला. तिच्या खालच्या ओठावर फोडांचा ताजा झुबका, पाणी सुटलेला.

"कोणाकडे जायचंय?" मी विचारलं.

"पटल्याच्या सुनेकडे. पाच दिसाचा पोट्टा हाये. मस्त धट्टाकट्टा हाये."

"आणि तोंडाला काय झालं?"

"ताप फुटला न वो. आता बरं वाटून राह्यलं."

मी होते तिथूनच, सगळ्यांच्या डोक्यांवरून बोलले, "मावशी, या तोंडाने त्या लेकराजवळ जाऊ नको. तू फुंकर घातलीस आणि हा रोग त्याला लागला, तर लेकरू हातचं जाईल."

बोलले ते खरं होतं. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण काउंटरवरच्या सगळ्यांनी माना वळवून मावशीकडे पाहिलं आणि तिने कापसाचा पुडा काउंटरवर परत ठेवला. पदर तोंडावर ओढून ती पायऱ्या उतरून गेली.

माझं वाक्य संध्याकाळपर्यंत देवरीभर फिरून आलं. फिरता फिरता त्यातले फोड गळून पडले, ताप गळून पडला, उरलं ते एवढंच की दुरपताच्या फुंकेने लेकरू मरते. दोन दिवसांनी कोणीतरी त्याला आणखी एक शब्द जोडला, टोनही. छत्तीसगडच्या अंगाला करणी करणाऱ्या बाईला टोनही म्हणतात, आणि आमच्या पट्ट्यात हा शब्द कोणी हसण्यावारी नेत नाही. ज्या बाईला तो चिकटतो तिच्या दारावर दगड पडायला फार दिवस लागत नाहीत.

मी त्या बाळाच्या घरी, पटल्यांकडे गेले. बसून नीट समजावून सांगितलं की हे दुखणं माझ्या-तुमच्यापैकी कितीतरी लोकांना आहे, फोड असतील तेवढे दिवस सांभाळायचं, बाई वाईट नाही. पटलेआजींनी ऐकून घेतलं, चहा दिला, "होय मॅडम" म्हणाल्या आणि मालीशला दुसरी बाई लावली. बाळ ठणठणीत राहिलं, आता शाळेत जातं. मात्र मावशीला त्यानंतर कोणी बोलावलं नाही. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळंतिणींच्या दारांवरून ती जायची तेव्हा आतून कडी लागल्याचा आवाज यायचा, हे मला नंतर तिच्या शेजारणीने सांगितलं.

मावशीचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. तिथे जायला मला तीन महिने लागले. लाज वाटत होती, दुसरं काय.

गेले तेव्हा ती अंगणात लाखोळी निवडत होती. शेजारची कौसल्याबाई जवळ बसली होती, पवारांची, तोंडाने फटकळ आणि मावशीची जिवाभावाची. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मावशी, माझं चुकलं."

"चुकलं कोठी? खरंच तं बोलली तू. किताबा शिकली हायेस." तिने सुपातून मान वर केली नाही. मग दोन खडे वेचून टाकत म्हणाली, "पन मले आत बोलावून कायले नाही सांगतलं? मी का परकी होती? तुही पोट्टी माह्या पायावर मोठी झाली. कानात सांगतलं असतं तं मी घरी बसली असती न."

मला तिथेच रडू आलं.

"आता रडू नोका बाई," कौसल्याबाई म्हणाली. "तिच्या तोंडाले दवा हाये का नाही, ते पहले सांगा."

दवा होती, आणि ती नवी नव्हती, वर्षानुवर्षं माझ्या कपाटात होती. मी मावशीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आमचे डॉक्टर हिंदी बोलणारे, कमी बोलणारे, पण प्रश्न बारीक विचारणारे. वर्षातून कितीदा येतं, कशानंतर येतं, आधी चुणचुण होते का, मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का. सगळं विचारून त्यांनी चिठ्ठी लिहिली, ओठ अगदी साफ असताना. म्हणाले, "मौसी, गोली पास में रखो. चुनचुनी हुई कि शुरू करो, दिन में पाँच बार, पाँच दिन, पानी खूब पीना. और पपड़ी गिरने तक किसी बच्चे के पास नहीं." आणि उठता उठता म्हणाले, "और वो फूँक तो बंद ही कर दो, चुनचुनी हो या न हो."

"मंग कानातलं पानी कसं काढू?"

"सूती कपड़े से."

फोडांचं तिने मानलं होतं, पण फुंकर बंद करायची हे तिला लागलं. आईने शिकवलेली गोष्ट होती ती.

दुकानात मी चिठ्ठीवर गोळ्या दिल्या तर तिने त्या माझ्याकडे परत सरकवल्या. "आता कायले? आता तं मले काही नाही."

मी गाडी सुटण्याचं आणि तिकिटाचं सगळं पुराण सांगितलं. तिने ऐकलं आणि मान हलवली. "घरात दवा आनून ठेवली का दुखनं दवेच्या मागं मागं घरी येते. माह्या भावानं खोकल्याची बाटली आनून ठेवली होती, सालभर खोकला."

"मावशी, तसं नसतं. विषाणू आधीपासूनच तुझ्या नसेत आहे, झोपलेला."

"झोपून हाये न? मंग त्याले गोळीचा वास नाही येनार?"

औषधशास्त्राच्या पदविकेत या प्रश्नाचं उत्तर नाही. ही समजूत फक्त मावशीची नव्हती. आमच्याकडे बरं वाटत असताना घरात औषध ठेवणं म्हणजे दुखण्याला आवतण, असं मानणारी अर्धी देवरी होती. आणि इथे तर दुखणं यायच्या आधी घरात असली तरच उपयोगाची अशी गोळी.

तोड काढली कौसल्याबाईने. "माह्या घरी ठेव. मले ते दुखनं नाही. येऊन येऊन कोनाकडे येईन ते?"

मावशीने यावर वकिलासारखा विचार केला. दुखणं गोळीचा माग काढत कौसल्येच्या घरी जाईल, तिथे तोंडाचं गिऱ्हाईक नाही हे बघून परत फिरेल. पटलं. पण मग कौसल्याबाईला आपल्या बीपीच्या गोळ्यांची आठवण झाली. त्या तिने घाबरून तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवल्या होत्या आणि आठवेल तेव्हा उकरून घ्यायची. त्या मावशीच्या घरी गेल्या. अशी दोघींची दुखणी पत्ता चुकून हिंडत राहिली.

यातून जे झालं ते मी माझ्या उभ्या दुकानदारीत दुसरीकडे पाहिलं नाही. कौसल्याबाई रोज सकाळी गोळी घ्यायला मावशीकडे यायची, चहा व्हायचा, गोळी व्हायची, एक दिवस चुकला नाही. उशीर झाला तर मावशी हाका मारायची. तिचं बीपी दोन महिन्यांत जाग्यावर आलं. औषध कोरड्या, थंड जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, असं आम्हाला शिकवतात. शेजारणीच्या घरी ठेवा, असंही शिकवायला हरकत नाही.

मेच्या उन्हात मावशीच्या ओठाला पहिल्यांदा चुणचुण झाली. ती हातातलं टाकून कौसल्येकडे गेली. पाच दिवस, दिवसातून पाच खेपा, प्रत्येक खेपेला चहा. सहाव्या दिवशी दुकानात आली आणि मी काही विचारायच्या आत पडद्यामागे गेली. तो पडदा आणि आतलं बाकडं मी तिच्या त्या प्रसंगानंतर केलं होतं. नाजूक काही सांगायचं असलं की "जरा आत या" म्हणायची सवय मी लावून घेतली होती, उशिरा का होईना. मी आत गेले तर तिने ओठ पुढे केला. मुंगी चावल्याएवढा लाल ठिपका, बस. "पाह्य, मकडी आलीच नाही," ती म्हणाली. दोघी हसलो. दर वेळी इतकं छान होत नाही, कधी फोड येतातच, फक्त लवकर सुकतात. पण त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटला.

ओठ सुधारला, पण बोलावणं काही येईना. औषध ओठावर चालतं, लोकांच्या तोंडावर चालत नाही. पाऊस लागला तशी मावशी कौसल्येच्या बांधीत रोवण्याला गेली. ज्या हातांनी अख्ख्या वॉर्डाची लेकरं न्हाऊ घातली ते हात चिखलात भाताची रोपं लावत होते, आणि ते माझ्यामुळे.

त्याच वर्षी थंडीत सायली बाळंतपणाला माहेरी आली. गोंदियाला मुलगी झाली, घरी आली. सायली म्हणाली, "आई, दुरपताआजीलाच बोलाव." खरं सांगते, माझ्या मनात क्षणभर नको आलं. सगळं शिकलेली, सगळं जाणणारी मी, तरी आलं. मग स्वतःचाच राग आला आणि मी उठून हातपंपावर गेले. सकाळची वेळ, सात-आठ बाया पाण्याला, मावशीही होती. ज्या आवाजात तिचं नाव घालवलं होतं त्याच आवाजात म्हणाले, "मावशी, माझ्या नातीची नाळ पडली की पहिली आंघोळ तू घालायची. मी दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही."

पंपाचा दांडा थांबला. मावशी "बरं" म्हणाली आणि कळशी उचलून निघाली. पण चालताना तिची मान ताठ होती, ते मी पाहिलं. औषधवाल्या बाईने स्वतःची नात तिच्या पायावर दिली, तर टोनही हा शब्द टिकणार नव्हता. हे तिला कळलं होतं, मला कळलं होतं आणि पंपावरच्या बायांनाही.

नाळ पडली. रविवारी सकाळी आंघोळ ठरली. मी अंगणात पाट, पाण्याचं घंगाळ, तेल, सगळं मांडून ठेवलं. बघता बघता गल्ली जमली. कोणी विरजण मागायला, कोणी बाळ बघायला. पटलेआजीही आल्या, काठी टेकत, आणि भिंतीला टेकून बसल्या. ऊन अंगणात आलं तेव्हा मावशी आली. ठेवणीतलं लुगडं, केस चापून बसवलेले, मागे कौसल्याबाई. फाटकापाशी आली आणि थांबली. पदर तोंडावर धरलेला.

"ये ना मावशी, पाणी तापलंय."

"नाही येत," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सकाळी चुणचुण सुरू झाली. गोळी खाऊन आली. पन लेकराजवळ नाही येत."

मी फाटकाजवळ गेले. तिने पदर खाली केला. ओठ स्वच्छ होता. काहीही दिसत नव्हतं, ना लाली, ना सूज. ती आत आली असती, बाळाला न्हाऊ घालून गेली असती, तर जगात कोणाला कळलं नसतं. आणि वर्षभर ती याच सकाळची वाट बघत होती.

"कशाने गं?" मी हळू विचारलं.

"झोपच नाही आली रातभर. तुही नात डोळ्यापुढं." एवढं बोलताना तिचे डोळे भरले.

मागून पटलेआजी म्हणाल्या, "मंग आली कायले?"

"सांगाले आली," मावशी म्हणाली. "निरोप धाडला असता तं तुमी म्हनले असते, मॅडमनं येऊ नाही देल्लं."

पाणी निवत होतं. सायलीला वाकायची बंदी, आणि मी तर आयुष्यात एकही बाळ न्हाऊ घातलेलं नव्हतं. माझ्या मुलीला मावशीने घातलं, मी दुकानात होते. आंघोळ उद्यावर टाकावी असं मी म्हणणार, तेवढ्यात मावशी फाटकाबाहेरच्या कपडे धुवायच्या दगडावर बसली. "बस पाटावर," मला म्हणाली. "पाय लांब कर. मी सांगीन तसं कर."

मग जे झालं ते अख्ख्या गल्लीने पाहिलं. मी पाटावर, पोरगी माझ्या पायांवर, आणि दहा पावलांवरून मावशीचा हुकूम. "तेल पहले टाळूले. हात हलका. अवं, भाजी धुऊन राह्यली का? पालथं घे. मान धर, मान. आता पानी मागून सोड, तोंडावर नोको." तराजूत ग्रॅमभर औषध तोलणारे माझे हात, आणि सव्वातीन किलोचं लेकरू धरवेना. बाया हसत होत्या, मी घामाघूम. पण मावशीचा आवाज ऐकता ऐकता पोरगी रडायची थांबली. दहा पावलांवरून थांबवली तिने.

आंघोळ झाली. मी बाळाला टॉवेलात उचललं, तर कानाच्या पाळीत पाण्याचा थेंब दिसला. आणि कसं कोण जाणे, माझे ओठ मिटून पुढे आले.

"फुकू नोको!"

मी तशीच थांबले, ओठ पुढे काढलेले. इतक्या वर्षांची मुरलेली औषधवाली, लोकांना शहाणपण सांगणारी, भर अंगणात.

"सुती कपडा घे," मावशी शांतपणे म्हणाली. "कोपऱ्यानं टीप. फुक बंद केली न आपन."

आधी पटलेआजी हसल्या, मग सगळ्या. मीही हसले. फडक्याच्या कोपऱ्याने थेंब टिपला, पोरगी सायलीच्या हातात दिली आणि फाटकाकडे पाहिलं. मावशी दगडावरून उठून पदर नीट करत होती. कौसल्याबाई तिला दुसऱ्या गोळीची वेळ झाल्याची आठवण देत होती.

पटलेआजी काठी टेकत फाटकापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "दुरपता, माह्या लहान सुनेचे दिस भरत आले. पुढच्या महिन्यात येशीन का?"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नातीकडे. पदर तोंडावर घेतला.

"चुणचुण नसंन तं येईन," ती म्हणाली.